जहाज पोचले म्हणजे पाऊल पडले, असे नव्हे

प्रति,
माननीय संपादक,
वाचकांचा पत्रव्यवहार, नाशिक आवृत्ती

विषय : ट्रिस्टन द कुन्हा बेटावर उतरू न दिल्याच्या तक्रारीबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

दक्षिण अटलांटिक महासागरातील ट्रिस्टन द कुन्हा या ब्रिटनच्या ताब्यातील ज्वालामुखीजन्य बेटसमूहाच्या क्रूझ-सफरीविषयी नाशिकमधील एका प्रवाशाचे पत्र आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात प्रसिद्ध झाले. जहाज बेटासमोर दोन दिवस उभे असताना आणि ऊन स्वच्छ पडलेले असताना एकाही प्रवाशाला किनाऱ्यावर उतरू दिले नाही, ही मूठभर बेटवासीयांची मुजोरी आहे आणि अशा ठिकाणी आपल्या लोकांनी पैसे घालवू नयेत, असा त्या पत्राचा सूर आहे. पत्रलेखक त्या सफरीत माझे सहप्रवासी होते. जेवणाच्या टेबलावर आमची ओळख झाली आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात कोणतीही अढी नाही. बेटावर मलाही उतरता आले नाही. तरीही त्यांचा निष्कर्ष मला मान्य नाही, आणि ज्याला खरा जाब विचारायला हवा तो त्यांच्या पत्रातून मोकळा सुटतो, म्हणून हे लिहीत आहे.

माझी निराशा त्यांच्यापेक्षा कमी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये मी तेहेतीस वर्षे नोकरी केली. १९२५ साली उभ्या राहिलेल्या या छापखान्यात देशाची टपाल तिकिटे छापली जातात. हलवायाला पेढ्याचे अप्रूप नसते म्हणतात. माझे उलटे झाले. दिवसभर तिकिटांची शीटे हाताळून घरी आल्यावरही मी तिकिटेच पाहत बसे. ट्रिस्टनसाठी १९४६ साली तयार केलेल्या एका नमुना-तिकिटाचे चित्र मी प्रथम पाहिले तेव्हा छपाईची चूक झाली असावी असे वाटले, कारण त्यावर किंमत एक पेनी आणि सोबत ‘चार बटाटे’ अशी होती. बेटावर त्या काळी रोख पैशाचा व्यवहार जवळजवळ नव्हताच. बटाटा हेच चलन होते आणि तिकिटावर ते प्रामाणिकपणे लिहिले होते. त्या दिवसापासून हे बेट माझ्या डोक्यात बसले. पुढे १९६१ च्या ज्वालामुखी-उद्रेकानंतर बेटवासीयांच्या मदतीसाठी ट्रिस्टनच्याच तिकिटांवर जादा किंमत छापून सेंट हेलेना या बेटावर जो संच काढला गेला, त्याचे अवघे ४३४ संच विकले गेले, हेही वाचले. तो संच माझ्याकडे नाही आणि या जन्मी येण्याची शक्यताही नाही. निवृत्तीनंतर मिळालेल्या रकमेतला मोठा भाग मी या सफरीवर खर्च केला तो त्या चार बटाट्यांपायी, असे आमच्या सौभाग्यवती सांगतात, आणि ते खरे आहे.

ज्यांनी हे नाव ऐकलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हे बेट केप टाउनपासून सुमारे २,८०० किलोमीटर आणि सेंट हेलेनापासून २,४०० किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. श्रीनगरहून कन्याकुमारीपर्यंत सरळ रेषेत जावे आणि वाटेत एकही गाव लागू नये, असे समजावे. विमानतळ नाही. केप टाउनहून जहाजाने सहा-सात दिवस लागतात आणि अशा फेऱ्या वर्षाला जेमतेम नऊ-दहा होतात. मुख्य बेट जवळजवळ गोल आहे, क्षेत्रफळ सुमारे ९८ चौरस किलोमीटर, आणि मधोमध २,०६२ मीटर उंचीचे क्वीन मेरीज पीक हे ज्वालामुखीचे शिखर आहे. आपल्या कळसूबाईहून ते चारशे मीटरने उंच, आणि कळसूबाईला पायथ्याचा प्रदेश तरी आहे. येथे डोंगर थेट समुद्रातून वर उठतो. वायव्येकडील एका चिंचोळ्या सपाटीवर ‘एडिंबरो ऑफ द सेव्हन सीज’ हे एकमेव गाव आहे, लोकसंख्या अडीचशेच्या आत. शेजारी नाइटिंगेल आणि इनअॅक्सेसिबल ही निर्मनुष्य बेटे आहेत. दुसऱ्या बेटाच्या नावाचाच अर्थ ‘अगम्य’ असा आहे, हे सहलीचे पैसे भरण्यापूर्वी कोणीतरी मराठीत सांगायला हवे होते. आणखी दक्षिणेला, साडेतीनशेहून अधिक किलोमीटरवर, गॉफ बेट आहे, जेथे दक्षिण आफ्रिकेच्या हवामान केंद्रातील मोजके कर्मचारी राहतात.

बेटाच्या नावाचा इतिहासही आमच्या सहप्रवाशाला ठाऊक असता तर त्यांचा राग कदाचित थोडा निवळला असता. १५०६ साली हिंदुस्थानकडे निघालेल्या पोर्तुगीज आरमाराचा प्रमुख त्रिस्तांव द कुन्हा याला ही बेटे दिसली आणि त्याने त्यांना स्वतःचे नाव दिले, परंतु समुद्र खवळलेला असल्याने त्याला तेथे उतरता आले नाही. ज्याचे नाव बेटाला आहे त्याचेच पाऊल बेटाला लागले नाही. याच त्रिस्तांवचा मुलगा नुनो द कुन्हा पुढे पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर झाला आणि त्याच्याच कारकिर्दीत, १५३४ साली, गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांना मिळाली. ती चिमाजी आप्पांनी १७३९ साली परत घेतली, हे मराठी वाचकाला सांगायला नकोच. म्हणजे बापाला दारातून परत फिरावे लागले आणि मुलाने आपल्या घरात दोनशे वर्षांचा मुक्काम मांडून दिला.

आता मूळ तक्रारीकडे येतो. ‘ऊन स्वच्छ पडले होते’ हे अगदी खरे आहे. दोन्ही दिवस आकाश निळे होते, शिखराभोवती ढगाची एक टोपी तेवढी होती, आणि डेकवरून गावाची रंगीत छपरे, पाठीमागचा काळा कडा, १९६१ च्या लाव्ह्याचा गावाच्या कडेला बसलेला ओबडधोबड ढिगारा, इतकेच नव्हे तर एका घराच्या दोरीवर वाळत घातलेले कपडेही दुर्बिणीतून दिसत होते. एवढे जवळ असताना उतरता न येणे चीड आणणारेच आहे. परंतु उन्हाचा आणि लाटेचा संबंध नाही, हे मी त्या दोन दिवसांत शिकलो. जवळच्या वाऱ्याने उठलेली लाट वारा पडला की पडते. दक्षिणेकडील महासागरात हजारो किलोमीटरवर झालेल्या वादळातून निघालेली लांब, संथ लाट मात्र वादळ विरल्यावरही दिवसेंदिवस चालत राहते आणि वाटेत अडवायला जमीन नसल्यामुळे पहिल्यांदा आदळते ती या बेटावर. जहाजाच्या डेकवर ती जाणवतसुद्धा नाही. जहाज पाळण्यासारखे वरखाली होते, इतकेच. खालच्या दारापाशी, जेथून रबरी झोडिॲक बोटीत उतरायचे असते, तेथे उभे राहिले की कळते. पहिल्या सकाळी आमच्या सफरीचे प्रमुख दोन खलाशांना घेऊन रिकामी बोट बंदराच्या तोंडापर्यंत नेऊन परत आले. ती बोट एका क्षणी शिडीच्या पायरीला टेकत होती आणि दुसऱ्या क्षणी पुरुषभर खाली जात होती. आम्ही शंभरहून थोडे अधिक प्रवासी, बहुतेक साठी उलटलेले, दोघे-तिघे काठी टेकत चालणारे. मनगटाला मनगट धरून खलाशी आम्हाला बोटीत घेणार, ते हात सुटले असते तर काय झाले असते याचा विचार पत्रलेखकांनी केलेला दिसत नाही.

बंदर म्हणजे तरी काय, तर दगड-काँक्रीटच्या दोन भिंतींमधील लहानशी कुशी, जिच्यात मोठे जहाज जाऊच शकत नाही. अनुकूल समुद्राचे दिवस वर्षात जेमतेम साठ-सत्तर. मोठे बंदर का नाही, याचे कारण बेटाच्या जन्मातच आहे. आपण नाशिककर ज्या काळ्या पाषाणावर राहतो तोही लाव्ह्याचाच, परंतु तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पाण्यापावसाने त्याच्या दऱ्या, घाट, नदीपात्रे कोरून काढली आहेत. ट्रिस्टनखाली पृथ्वीच्या पोटातून उष्णतेचा जो झरा वर येतो त्यानेच तेरा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी आजच्या नामिबियातील आणि दक्षिण अमेरिकेतील पाराना खोऱ्यातील लाव्ह्याचे थर ओतले असे भूशास्त्रज्ञ मानतात. आपल्या दख्खनच्या पठाराचा असाच संबंध रियुनियन बेटाशी जोडला जातो. झरा एवढा म्हातारा असला तरी ट्रिस्टनचा डोंगर भूशास्त्राच्या हिशेबाने कालचे पोर आहे. त्याच्या किनाऱ्याला अजून ना खाडी आहे, ना आडोशाचा उपसागर. जे उतरण्याजोगे चांगले किनारे होते ते १९६१ च्या लाव्ह्याने गाडले. म्हणून त्या दशकात हे बंदर बांधावे लागले.

बोट सोडायची की नाही हे ठरवणारी माणसे त्याच गावातील असतात आणि त्यांना समुद्र पुस्तकातून कळलेला नाही. १८८५ च्या नोव्हेंबर महिन्यात गावातील १५ पुरुष, लांबून जाणाऱ्या ‘वेस्ट रायडिंग’ या जहाजाशी सौदा करण्यासाठी बोट वल्हवत गेले आणि परत आले नाहीत. त्या चिमुकल्या वस्तीतील बहुतेक कर्ते पुरुष एका दिवसात गेले. आजही गावात ग्लास, स्वेन, ग्रीन, रॉजर्स, हेगन, रेपेटो, लाव्हारेलो अशी मोजकीच आडनावे आहेत, म्हणजे त्या बोटीतील माणसांशी ज्याचे नाते नाही असे घर तेथे सापडणे कठीण. अशा गावातील माणूस ‘आज नको’ म्हणतो तेव्हा त्याला मुजोरी म्हणणे मला तरी जमणार नाही.

आणि उतरणे एक वेळ जमेल, निघणे जमेलच असे नाही. दोन जर्मन भाऊ, श्टोल्टेनहॉफ त्यांचे आडनाव, १८७१ साली सीलच्या कातड्यांच्या व्यापाराच्या आशेने इनअॅक्सेसिबल बेटावर उतरले. १८७३ साली ‘चॅलेंजर’ या संशोधन-जहाजाने त्यांना सोडवले तेव्हा त्यांची दशा वाईट होती. आम्ही काही दोन वर्षे अडकलो नसतो, परंतु लाट वाढून शंभर म्हातारी माणसे रात्रभर गावात अडकली असती तर अडीचशेच्या वस्तीने त्यांना कोठे ठेवले असते? एखाद्याचे खुब्याचे हाड मोडले असते तर? गावात एक लहान दवाखाना आहे. त्याला इटलीतील कामोलीचे नाव दिले आहे, कारण १८९२ साली ‘इटालिया’ हे जहाज फुटल्यावर बेटावरच कायमचे राहिलेले दोन खलाशी, रेपेटो आणि लाव्हारेलो, त्या गावचे होते. परंतु मोठी शस्त्रक्रिया करायची तर केप टाउन, आणि तेथे पोचायला पुन्हा आठवडा.

पत्रलेखकांनी ‘बूट धुण्याचे फार्स’ असा शब्द वापरला आहे. त्याविषयी मात्र जरा सविस्तर लिहिणे मला भाग आहे, कारण त्या फार्सातला गुन्हेगार मीच होतो. बेटांजवळ पोचण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक प्रवाशाने आपले बूट, मोजे, जाकीट, पाठीवरची पिशवी, काठी हे सर्व तपासणीसाठी आणायचे असते. व्हॅक्यूम क्लीनरने खिसे आणि शिवणी साफ करतात, व्हेल्क्रोच्या पट्ट्या चिमट्याने विंचरतात, आणि बूट गुलाबी रंगाच्या जंतुनाशकात बुडवून काढतात. मी माझे सामान घरीच स्वच्छ केले होते, अशी माझी खात्री होती. सौ.ने तर बूट ब्रशने घासले होते. तपासणी करणाऱ्या मुलीने माझ्या पिशवीच्या तळाची शिवण उलटी केली आणि चिमट्याने एक काडी उपसून माझ्यासमोर धरली. ती कुसळ होती. रोज पहाटे मी पांडवलेण्यांच्या डोंगरावर फिरायला जातो आणि पावसाळा सरल्यावर तेथील कुसळी गवताची कुसळे मोजे, लेंगा, पिशवी यांत शिरतात, हे नाशिकच्या कोणत्याही फिरणाऱ्याला माहीत आहे. त्या मुलीने ती कुसळ ओल्या कापसावर ठेवली. थोड्याच वेळात तिची काळी शेपटी पीळ सोडत गोल फिरू लागली. ओल लागली की फिरायचे आणि टोकदार दाणा मातीत रुतवायचा, हे तिचे कामच आहे. नाशिकहून निघून, तीन विमाने आणि एक जहाज बदलून, दक्षिण अटलांटिकमध्ये पोचल्यावरही तिची तयारी कायम होती. आजूबाजूचे प्रवासी हसले. मला हसू आले नाही.

हसू न येण्याचे कारण, या बेटांवर असे पाहुणे काय करतात हे आम्हाला त्याच सकाळी व्याख्यानात सांगितले होते. १८८२ साली ‘हेन्री बी. पॉल’ हे जहाज ट्रिस्टनच्या किनाऱ्याला लागले आणि त्यातून उंदीर उतरले. ते आजपर्यंत गेलेले नाहीत. गॉफवर एकोणिसाव्या शतकातील सील-शिकाऱ्यांच्या जहाजांतून आलेल्या साध्या घरगुती लहान उंदरांनी अल्बाट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याची जिवंत पिल्ले कुरतडून खाण्याची सवय लावून घेतली. पिल्लू उंदराच्या शेकडो पटींनी मोठे, पण घरट्यातून हलत नाही, कारण त्याच्या जातीला जमिनीवरचा शत्रू कधी ठाऊकच नव्हता. २०२१ साली हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकून हे उंदीर संपवण्याचा मोठा खर्चिक प्रयत्न झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात कॅमेऱ्यात पुन्हा उंदीर दिसला. इनअॅक्सेसिबल बेटावर अजून उंदीर नाहीत. तेथे जगातील सर्वांत लहान न उडणारा पक्षी आहे, वजन जेमतेम चाळीस ग्रॅम, म्हणजे आपल्याकडच्या लहान लिंबाएवढे. तो पृथ्वीवर दुसरीकडे कोठेही नाही. एका जहाजातून उंदरांची एक जोडी उतरली की त्याचा हिशेब मिटला. गॉफ आणि इनअॅक्सेसिबल ही दोन्ही बेटे जागतिक वारसास्थळ आहेत ती यासाठीच.

भीती कल्पनेतली नाही, हेही सांगायला हवे. १६ मार्च २०११ रोजी सोयाबीन घेऊन जाणारे ‘ऑलिव्हा’ हे मालवाहू जहाज नाइटिंगेलच्या खडकावर चढले आणि फुटले. २२ खलाशी वाचले, परंतु इंधनाचे तेल पसरून हजारो रॉकहॉपर पेंग्विन माखले. बेटवासीयांनी त्यांपैकी ३,७०० हून अधिक पक्षी बोटींनी मुख्य बेटावर आणून, हाताने धुऊन, मासे भरवून जगवण्याची शर्थ केली. परत समुद्रात सोडता आले ते चारशेहूनही कमी. अडीचशे माणसांच्या गावाने हे केले. ज्या गोदावरीतून आपण दर वर्षी पानवेली काढतो आणि दर वर्षी ती पुन्हा पसरते, तिच्या काठच्या माणसाला परक्या वनस्पतीचे उपद्रव समजावून सांगण्याची गरज पडू नये. पानवेलीही मूळची दक्षिण अमेरिकेची. तिला येताना कोणी चिमट्याने पकडले असते तर महापालिकेचे किती पैसे वाचले असते!

राहिला बेटावरील माणसांचा प्रश्न. शंभर पाहुणे म्हणजे गावाच्या चाळीस टक्क्यांहून अधिक. दर बारा वर्षांनी सिंहस्थात पाहुण्यांपुढे गाव कसे लहान होते हे नाशिककरांनी कोणाकडून शिकावे, अशी स्थिती नाही. फरक इतकाच की आपल्याकडे नाही म्हणण्याची सोय नाही आणि त्यांच्याकडे आहे. तेथे जमीन सर्वांची सामायिक आहे, बाहेरच्याला विकत घेता येत नाही, आणि बेटाच्या कौन्सिलची परवानगी असल्याखेरीज कोणालाही उतरता येत नाही. जहाजावर कोणी आजारी आहे का याचीही चौकशी आधी होते. त्यालाही कारण आहे. बाहेरून जहाज आले की गावात सर्दी-पडसे पसरते, हा तेथील जुना अनुभव असून डॉक्टरांनी त्याचा अभ्यासही केलेला आहे. ‘पर्यटकांच्या पैशावर जगतात आणि पर्यटकांनाच अडवतात’ हे पत्रलेखकांचे वाक्य तर वस्तुस्थितीला सोडून आहे. बेटाचे मुख्य उत्पन्न तेथील शेवंडीच्या (लॉब्स्टरच्या) मासेमारीतून येते, जोडीला टपाल तिकिटे. पर्यटन हा वरकड भाग आहे. आणि ती मासेमारीही ते जपून करतात. २०२० साली त्यांनी आपल्या भोवतालचा सुमारे ६ लाख ८७ हजार चौरस किलोमीटर समुद्र संरक्षित जाहीर केला, ज्याच्या ९० टक्के भागात मासेमारी बंद आहे. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या दुपटीहून मोठा हा विस्तार आहे.

हे लोक बेटावर नाइलाजाने राहतात असेही नाही. १९६१ च्या ऑक्टोबर महिन्यात गावालगत जमीन फुटून लाव्हा वाहू लागला तेव्हा सर्वच्या सर्व २६४ माणसांना आधी नाइटिंगेलवर, तेथून केप टाउनला आणि पुढे इंग्लंडला नेण्यात आले. विजेचे दिवे, दुकाने, सिनेमा, पगाराची नोकरी हे सारे मिळाले, आणि हिवाळ्यात छातीच्या विकारांनी बेजारही केले. १९६२ साली मतदान घेतले गेले : परत जायचे की राहायचे? १४८ मते परत जाण्याच्या बाजूने पडली, विरोधात फक्त पाच. १९६३ साली ते परत गेले आणि बटाट्यांचे वाफे पुन्हा उकरले.

या सफरीत आम्हाला काहीच मिळाले नाही हेही बरोबर नाही. ट्रिस्टनला येण्यापूर्वी नाइटिंगेलच्या आडोशाला समुद्र शांत होता आणि तेथे दीड तास झोडिॲकमधून फिरता आले. पाण्यात केल्प या समुद्री शेवाळाचे दाट पट्टे झुलत होते, खडकांवर पिवळ्या शेंड्यांचे रॉकहॉपर पेंग्विन एकमेकांवर वसकत होते (बेटावरचे लोक त्यांना ‘पिनामिन’ म्हणतात), आणि पिवळ्या चोचीचा एक अल्बाट्रॉस पंख न हलवता आमच्या डोक्यावरून इतक्या जवळून गेला की सौ.ने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गावातील पाच-सहा माणसे त्यांच्या बोटीने जहाजावर आली. यावर आमच्या सहप्रवाशांचा आक्षेप असा की, त्यांना येता येते तर आम्हाला जाता का येत नाही? मी त्या वेळी खालच्या दारापाशीच होतो. बोट वर आली की ते उडी मारत नव्हते. ते दोन लाटा जाऊ देत होते, तिसरीकडे पाहत होते, आणि बोट पायरीच्या पातळीला क्षणभर थबकली की सहज चालत आत येत होते, जसे आपण चालत्या सिटी बसमधून सवयीने उतरतो. त्यांच्यात एक साठीची बाई होती आणि तिच्या हातात तिकिटांची पेटी होती. हे एका दुपारी शिकण्याचे काम नाही.

जहाजाच्या वाचनालयात टेबल मांडून त्यांनी टपाल कचेरी उघडली. मी तिकिटे घेतली, पाकिटांवर शिक्के मारून घेतले आणि पासपोर्ट पुढे केला. ज्या छापखान्यात माझा जन्म गेला त्याच छापखान्यात तो छापलेला आहे, कारण देशाचे पासपोर्टही नाशिकरोडलाच छापतात. त्या बाईंनी कोरे पान शोधले, शिक्का शाईच्या गादीवर दोनदा टेकवला, कोपरा सरळ धरून दाबला आणि उचलण्यापूर्वी एक क्षण थांबल्या, म्हणजे शाई फाटत नाही. आमच्या खात्यातील जुनी माणसे असाच शिक्का मारीत. मी त्यांना खुणेने आणि तोडक्या इंग्रजीत सांगितले की हे पान मी जेथे काम केले तेथले आहे. त्यांनी पान बोटांनी चोळून पाहिले आणि कागद चांगला आहे असे सांगितले. सौ.ने त्यांच्याकडून बेटावर विणलेले लोकरीचे मोजे घेतले. त्यांवर रंगीत पट्टे असतात, आणि पूर्वी मुलगी ज्याला मोजे विणून देई त्याच्यावरची माया पट्ट्यांच्या संख्येवरून कळे. सौ.ने सर्वांत कमी पट्ट्यांचा जोड माझ्यासाठी निवडला.

मग चूक कोणाची? माझ्या मते बेटाची नाही, समुद्राची नाही आणि भोळेपणाने पैसे भरणाऱ्या आम्हा प्रवाशांचीही फारशी नाही. ज्या कंपनीने आम्हाला ही सफर विकली तिच्या मराठी माहितीपत्रकात ‘जगातील सर्वांत दुर्गम वस्तीला दोन दिवसांची भेट’ असे ठळक अक्षरांत छापले होते आणि शेजारी गावातील रस्त्यावर हसत उभ्या असलेल्या जोडप्याचे छायाचित्र होते. बेटावर उतरणे समुद्राची स्थिती व कौन्सिलची परवानगी यांवर अवलंबून आहे, त्याची हमी नाही आणि त्यापोटी रक्कम परत मिळणार नाही, ही अट इंग्रजी करारनाम्याच्या शेवटच्या पानांवर बारीक टायपात होती. मी आयुष्यभर बारीक टाइप वाचण्याचीच नोकरी केली, तरी मीही ते पान वाचले नाही, हे कबूल करतो. कार्यालयात प्रत्यक्ष विचारले असता ‘काका, काळजी करू नका, सगळे उतरतात’ असे उत्तर मिळाले होते. हे वाक्य त्या टेबलावर बोलले गेले नसते तर आमच्या सहप्रवाशाचे पत्रही लिहिले गेले नसते, असे मला वाटते. त्यांचा राग खरा आहे. पत्ता चुकला आहे.

अशा सफरी आता नाशिक-पुण्याकडून वाढत्या संख्येने होऊ लागल्या आहेत. ज्यांना जायचे आहे त्यांनी जरूर जावे. परंतु ‘भेट’ या शब्दाचा अर्थ काय, उतरणे की लांबून पाहणे, हे पैसे भरण्यापूर्वी मराठीत लेखी मागावे, आणि पिशवीच्या शिवणी घरीच उलट्या करून पाहाव्यात. मी त्या कंपनीला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवले आहे. पैसे परत मागितलेले नाहीत. पुढील हंगामाच्या मराठी माहितीपत्रकात ‘दोन दिवसांची भेट’ ही ओळ बदलून ‘समुद्र आणि बेटवासी यांनी परवानगी दिल्यास उतरता येईल’ असे त्याच आकाराच्या अक्षरांत छापावे, एवढीच मागणी केली आहे. पोहोचपावती आली आहे, उत्तर अद्याप नाही. आल्यास आपणांस कळवीन.

आपला नम्र,
प्रेसमधील एक निवृत्त कर्मचारी
नाशिकरोड